प्रेमलाबाईंनी पोचवलेली बातमी

प्रेमला लोंढे हे नाव पुण्यात फारसं कुणाला माहीत नसेल, पण सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्या निम्म्या पुण्याने त्यांचा आवाज ऐकलेला आहे. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून त्यांनी सव्वीस वर्षं गाड्या पुकारल्या. आवाज खणखणीत, शब्द सुटे सुटे, आणि गाडी कितीही उशिरा आली तरी सुरात काडीचा फरक नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज आला. "बरं झालं, त्याला मधे पाणी लागत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई मूळच्या संगमनेर तालुक्यातल्या. आजोबांच्या काळापासून घर कॅथलिक. नवरा अगस्तीन एसटीच्याच डेपोत मेकॅनिक होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नाशिकला असते. बिबवेवाडीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. रविवारी नऊच्या मराठी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन त्यांचंच, हे आमच्या चर्चमध्ये इतकं ठरून गेलं होतं की त्या आजारी पडल्या तर लोकांना रविवार अर्धा झाल्यासारखा वाटे.

मीही त्याच चर्चचा. शाळेत मराठी शिकवायचो. गेली सतरा-अठरा वर्षं महिन्यातल्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, मी दहा मिनिटं एका संताविषयी बोलतो. संतांना आजच्या जगात आणून बसवायचं, ही माझी हौस. फ्रान्सिस ऑफ असिसी आज असता तर हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढून कुठे ठेवलं असतं, असं काहीतरी. लोक एक डोळा चहाकडे ठेवून ऐकतात. आपण बरं बोलतो, असा माझा समज होता.

चार वर्षांपूर्वी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी, प्रेमलाबाईंचं वाचन चालू असताना माइक बंद पडला. बाईंनी आवाज चढवला, तरी मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. कुणी कानाला हात लावला, कुणी शेजाऱ्याला विचारू लागलं. शेवटच्या बाकावर एकच माणूस होता, ज्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. माइक चालू असताना तो जसा शांत बघत असे, तसाच बघत होता.

वेदीजवळ उभं राहिलं की अख्खं चर्च दिसतं. मिस्सा संपल्यावर बाई सरळ त्याच्याकडे गेल्या.

"तुम्हाला ऐकू आलं?"

त्याने कानाला बोट लावलं, हात हलवला आणि हसला.

ते रावसाहेब त्रिभुवन. तेव्हा वय एकोणपन्नास. लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या कापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मशीनवर काम करत. ज्या मशीनच्या आवाजाने बाकीचे कानांत बोळे घालतात, त्या मशीनवर. जन्मापासून बहिरे. अकरा वर्षं ते आमच्या चर्चमध्ये येत होते, आणि आम्ही त्यांना 'लाजाळू आहे बिचारा' म्हणत होतो.

प्रेमलाबाई त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेल्या. थोरली बहीण विमलाबाई, विधवा, सत्तरीला आलेल्या, रावसाहेबांना सांभाळून राहत होत्या. त्यांनी चहा करता करता सगळं सांगितलं. गावाकडे लहानपणी बरोबरीच्या मुलांना पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, दिलं गेलं तेव्हा रावसाहेबांना वगळलं. तिथल्या त्या वेळच्या फादरांनी आईला म्हटलं, "त्याला काय कळणार?" मग नगरला बहिऱ्यांच्या शाळेत चार वर्षं. त्यात ओठ बघून शब्द काढायला शिकवायचे आणि खुणा केल्या तर हातावर पट्टी मारायचे. पाट्या, नावं, आकडे वाचता येऊ लागले. सलग मजकूर मात्र डोक्यात शिरत नसे.

"पण दर रविवारी स्वतःहून येतो," विमलाबाई म्हणाल्या. "मी नाही म्हटलं तरी येतो. एवढं काय बघतो कुणास ठाऊक."

पुढच्या रविवारी बाईंनी मला गाठलं. "सर, तुमच्या संतांत बहिऱ्यांचं कुणी आहे का हो?"

होता. फ्रान्सिस डी सेल्स. चारशे वर्षांपूर्वीचा बिशप. मार्टिन नावाचा एक बहिरा गडी त्याला भेटला, आणि बिशपने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. स्वतः खुणा शोधल्या, खुणांनी त्याला शिकवलं, आणि मग त्याचं पापनिवेदन ऐकून त्याला ख्रिस्तशरीर दिलं, असं सांगतात. या संतावर मी निदान पाच वेळा बोललो होतो. त्याच्या पुस्तकांवर, त्याच्या गोड स्वभावावर. मार्टिनची गोष्ट वेळेअभावी दर वेळी गाळली होती, तेही बाईंना सांगितलं. मी बोलत असताना शेवटच्या बाकावर रावसाहेब बसलेले होते.

बाईंनी मला काही टोचून म्हटलं नाही. "बिशपला वेळ होता म्हणजे," एवढं बोलून त्या गेल्या.

खुणा शिकवणार कोण, याचं उत्तर रावसाहेबांनीच दिलं. त्यांनी फोनवर टाइप करून दाखवलं : 'कासिम मित्र. मुलगी बोलते.' कासिमभाई आणि त्यांची बायको दोघेही बहिरे. त्यांची मुलगी मिसबा मात्र ऐकणारी. घरात पहिली भाषा हातांची, बोलणं नंतर शिकलेली. ती हिंजवडीच्या एका कंपनीत बहिऱ्या कर्मचाऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करते. तेव्हाच बाईंना कळलं, की दर रविवारी दुपारी रावसाहेब आणि त्यांचे पंधरा-वीस मित्र एका बागेत जमतात आणि तास न् तास गप्पा मारतात. राजकारण, क्रिकेट, बायकोच्या तक्रारी, सगळं. म्हणजे हा माणूस मुका नव्हताच. त्याच्यापुरतं आमचं चर्च मुकं होतं.

मिसबाला संध्याकाळी वेळ नसे. सकाळी सात दहाला स्वारगेटहून तिची कंपनीची बस. "काकू, पावणेसातला या. बस येईपर्यंत तुमच्या," ती म्हणाली. रोज पंचवीस मिनिटं, बसथांब्यावर, पाठीला लॅपटॉपच्या पिशव्या लावलेल्या पोरांच्या रांगेत उभं राहून, बासष्ट वर्षांच्या प्रेमलाबाई हात हलवायला शिकल्या. बोटं आखडलेली, उजवा अंगठा संधिवाताचा. पण मिसबाची तक्रार बोटांबद्दल नव्हती.

"काकू, तुमचा चेहरा अजून गाड्या पुकारतोय. प्रश्न विचारताय तर भुवया वर करा ना. दुःख सांगताय आणि चेहरा फलाट क्रमांक पाचसारखा!"

"मला सव्वीस वर्षं चेहरा लागलाच नाही गं. आत बसायचे मी."

"मग आता बाहेर या."

त्या आल्या, पण दीड वर्ष लागलं. आरशासमोर भुवया उचलायचा सराव करताना शेजारणीने पाहिलं आणि मुलीला नाशिकला फोन केला, की आईकडे जरा लक्ष दे. मुलगी घाबरून आली. बाईंनी तिला खुणेने 'जेवलीस का' विचारलं आणि आमटीला फोडणी टाकायला गेल्या.

एका रविवारी त्यांनी वाचनाचं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "आजपासून तुम्ही वाचा, सर." आणि त्या वेदीच्या बाजूला, पहिल्या बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रावसाहेबांना त्यांनी शेवटच्या बाकावरून हाताला धरून पुढे आणलं होतं. मी वाचत गेलो, त्या हातांनी सांगत गेल्या. एका माणसासाठी. बाहेर आल्यावर आमच्या चर्चचे सर्जेराव, ज्यांना गप्प बसवत नाही, म्हणाले, "बाई, वाचन करत होतात की डास मारत होतात?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे बसत जा, तुम्हालाही लागेल."

मग धर्मशिक्षण सुरू झालं. कारखान्याला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी सकाळी अकराला, विमलाबाईंच्या घरी. मीही जायचो, जुनी चित्रं घेऊन. खरी मौज संतांच्या नावांची असे. खुणांच्या भाषेत नावं उच्चारत नाहीत, माणसाचं काहीतरी वैशिष्ट्य वेचून त्याची खूण करतात. रावसाहेब चित्र बघायचे, बाई गोष्ट सांगायच्या, आणि ते नाव ठेवायचे. लॉरेन्सला जाळीवर ठेवून भाजलं आणि तो 'ही बाजू झाली, आता उलटा' म्हणाला, हे कळल्यावर रावसाहेबांनी तव्यावरची भाकरी उलटायची खूण केली. तेच नाव पडलं. कोलकात्याच्या तेरेसाबाईंना डोक्यावरून पदर ओढून तीन बोटांनी काठाच्या तीन रेघा. मी इतकी वर्षं संतांना आजच्या जगात आणायला धडपडत होतो. इथे ते आपल्या पायांनी येऊन, चहाच्या कपांमध्ये बसत होते.

तो गुरुवार मी विसरणार नाही. मी क्रूसाच्या वाटेच्या चित्रांचा संच नेला होता. तीच चौदा चित्रं आमच्या चर्चच्या दोन्ही भिंतींवर लावलेली आहेत : येशूला शिक्षा होते तिथपासून त्याला थडग्यात ठेवतात तिथपर्यंत. बाई पहिलं चित्र सांगू लागल्या तेव्हा रावसाहेबांनी त्यांना थांबवलं. हे मला येतं, असं म्हणून ते स्वतःच सांगू लागले. आणि काय सांगितलं त्यांनी! क्रूस खांद्यावर आल्यावर त्यांचा खांदा खचला. आई समोर आली तेव्हा त्यांनी नजर एकदाच वर केली आणि खाली घेतली. तिसऱ्यांदा पडले तेव्हा विमलाबाई नकळत हात पुढे करून उठल्या. इतकी वर्षं भिंती बघून त्यांनी सगळं वाचलं होतं, एकही शब्द न ऐकता. चौदाव्या चित्राशी त्यांनी दोन बोटं तळहातावर आडवी ठेवली, दुसरा तळवा दगडासारखा त्यावर झाकला, आणि हात मांडीवर ठेवून दिले. संपलं.

बाई वाट बघत राहिल्या. मग खुणेने म्हणाल्या, "पुढे?"

"पुढे काय?" रावसाहेबांनी विचारलं. "मेला."

एव्हाना मलाही थोड्या खुणा येत होत्या; रावसाहेबांच्या हातांची खूण कळली, पण तिचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. या माणसाला पुढचं माहीतच नव्हतं. भिंतीवर पंधरावं चित्र नव्हतं. ईस्टर म्हणजे त्यांना मेणबत्त्या, नवा शर्ट आणि घरी मटण एवढंच ठाऊक होतं. पांढऱ्या झग्यातल्या येशूची चित्रं त्यांनी पाहिली होती, पण ती त्याला मारण्याआधीची, असं ते समजत होते. जगातली सगळ्यांत मोठी म्हणून जी बातमी आम्ही दर रविवारी माइकवरून सांगतो, ती पन्नास वर्षांत त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"अरे, पण हे सगळ्यांना माहीत आहे!" बाईंनी बोलून सांगितल्यावर विमलाबाई जवळजवळ ओरडल्या.

"रावसाहेबांना कुणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

प्रेमलाबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी रावसाहेबांसारखीच दोन बोटं तळहातावर आडवी ठेवली, वर दगड झाकला. मग बोटांवर मोजलं : एक दिवस, दोन दिवस, तिसरा दिवस, पहाट. आणि तो दगड बाजूला सारला, आणि आडवी बोटं तळहातावर हळूहळू उभी केली.

रावसाहेब त्या दोन बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"उठला?"

"उठला."

"कुणी पाहिलं?"

"आधी बायकांनी. मग मित्रांनी. त्याने त्यांच्याबरोबर मासे खाल्ले."

मासे खाल्ले म्हटल्यावर ते हसले. हसता हसता तोंडावर हात घेतला आणि खांदे हलू लागले, तेव्हा कळलं की हसत नाहीयेत. बाईंनी जरा वेळाने विचारलं, तो मेला, संपला, असं वाटत होतं तर इतकी वर्षं दर रविवारी का येत होतात?

रावसाहेबांनी डोळे पुसले आणि सांगितलं. मी त्यांची खूण जशीच्या तशी मराठीत सांगतो : "भला माणूस होता. लोकांनी मारलं. कुणीतरी येऊन त्याच्याजवळ बसायला नको का?"

मी संतांविषयी शेकडो पानं वाचली आहेत. त्या वाक्याच्या जवळ नेऊन ठेवावं असं मला त्यांतलं काही आठवलं नाही. आम्ही सगळे काही ना काही मागायला येणारे : नोकरी, व्हिसा, पोरीचं लग्न. हा एकटा माणूस, काही मिळणार नाही हे गृहीत धरून, इतकी वर्षं एका मेलेल्या मित्राला सोबत करायला येत होता.

मग ते एकदम उठले, जिन्यात गेले आणि त्यांनी फोनवर व्हिडिओ लावला. आम्ही दारातून बघत होतो. पडद्यावर कासिमभाई, मग आणखी दोघेतिघे. रावसाहेब पुन्हा पुन्हा तेच करत होते. दगड सारत होते, बोटं उभी करत होते. पडद्यावरचे कासिमभाई आपल्या मित्राच्या आनंदाकडे बघून डोळे पुसत होते.

पहिलं ख्रिस्तशरीर घेण्याआधी पापनिवेदन करायला हवं. फादर संतोष आमचे धर्मगुरू, चाळिशीचे. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येतं, मात्र त्या व्यक्तीनेही ते कायमचं पोटात ठेवायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. प्रेमलाबाई घाबरल्या. "ज्यांच्या गाड्या चुकल्या त्यांचं मी खूप ऐकलंय, फादर. हे नाही ऐकवायचं मला." पण रावसाहेबांनी त्यांनाच मागितलं.

फादरांनी ठरवलं, क्षमेचे शब्द तोंडाने म्हणायचे ते म्हणायचेच, पण हातांनीही सांगायचे. त्यासाठी ते मिसबाकडे गेले. मिसबाने त्यांनाच प्रश्न केला, "म्हणजे नक्की काय, फादर? माफ केलं, की सोडवलं? दोन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत." फादर म्हणाले, सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकलो त्या आठ वर्षांत मला हे कुणी इतकं स्पष्ट विचारलं नव्हतं. विचार करून त्यांनी सांगितलं, "सोडवलं." मिसबाने दोन्ही मनगटं बांधल्यासारखी एकमेकांवर ठेवली आणि झटक्यात मोकळी केली.

एका शनिवारी सकाळी ते झालं. आत ते तिघे, बाहेर बाकावर मी आणि विमलाबाई. पाऊण तास लागला. रावसाहेब बाहेर आले ते मनगटं चोळत, खरोखरच कुणी दोरी सोडल्यासारखी. बाई मागून आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. आत काय झालं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फक्त मला एकदा म्हणाल्या, "सर, माणूस स्वच्छ होताना मी पाहिलाय. डोळ्यांनी."

गेल्या वर्षी ईस्टरच्या सकाळी रावसाहेबांनी पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेतलं. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. रांगेत त्यांच्या पुढे सर्जेराव होते. ते बाजूला सरले आणि त्यांना आधी जाऊ दिलं. घरी आल्यावर विमलाबाई प्रेमलाबाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं, हे कसं म्हणतात?" बाईंनी दाखवलं. सत्तरीच्या बाईने दोनतीनदा घोकून पाहिलं, बाहेर गेली आणि भावासमोर उभं राहून ती खूण केली. घरातल्या मोडक्यातोडक्या इशाऱ्यांपलीकडे तिने त्याच्याशी काढलेला तो पहिला शब्द. रावसाहेबांनी तिचे हात धरून खाली घेतले आणि तिला ताटावर बसवलं.

आता रविवारी पहिल्या दोन बाकांवर नऊ बहिरे लोक असतात. धर्मशिक्षण रावसाहेब देतात. नुकताच संत झालेला इटलीतला संगणकवेडा मुलगा कार्लो, त्याचं नाव त्यांनी हवेत टायपिंग करून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक लग्न झालं. नवरी उत्कर्षा हिंजवडीत नोकरी करते, मूळची नागपूरकडची. नवरा लोणीचा. दोघेही बहिरे, दोघेही त्या पहिल्या बाकांवरचे. फादर संतोषना आता खुणा चांगल्या येतात. त्यांनी हातांनी विचारलं, दोघांनी हातांनी वचनं दिली, साक्षीदार म्हणून रावसाहेब उभे राहिले. ऐकणाऱ्या अडीचशे लोकांना काही कळेना, म्हणून मिसबा माइकपाशी उभी राहून आमच्यासाठी बोलून सांगत होती. वचनं झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. बहिऱ्यांची टाळी असते तशी, अडीचशे माणसांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली, आणि चर्चभर पानं सळसळल्यासारखं झालं, आवाजाविना.

प्रेमलाबाईंना त्या दिवशी काहीच काम नव्हतं. मधल्या एका बाकावर, विमलाबाईंच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून त्या वर हलणाऱ्या हातांकडे बघत बसल्या होत्या.